रामटेक आणि तलावाखालची साडेचार एकर

नागपूरकरांचा एक जुना समज आहे की, दुष्काळ हा नगर, सोलापूर, बीड या बाजूचा पाहुणा. आपल्या उंबरठ्याशी तो यावयाचा नाही. समजास आधारही तसाच आहे. वर्षाकाठी चाळीस-पंचेचाळीस इंच पाऊस पडावा, आणि शहरात ज्या बाजूस जावे तिकडे एखादा तलाव आडवा यावा, अशी या गावाची ठेवण. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळचा शुक्रवार तलाव आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. तेलंगखेडी, सक्करदरा ही नावे भोसल्यांच्या अमदानीची आठवण देतात. आणि अंबाझरीविषयी तर बोलावयासच नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हा तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या घरांत निजलेल्या माणसांच्या अंथरुणाखाली पाणी शिरले. अशा गावी बसून उपासमारीच्या गोष्टी सांगणे म्हणजे लग्नघरी वैद्यकाचे पुस्तक उघडण्यासारखे वाटेल, हे आम्ही जाणून आहो.

पण आमच्या आजीची एक सवय होती. जेवताना पानाबाहेर शीत पडले तर ती ते बोटाने टिपून तोंडात टाकी. आमच्या पानाबाहेरचेही टाकी. आम्ही चार इयत्ता इंग्रजी शिकलेली मुले. आम्हाला त्याची किळस येई. एकदा आमच्या धाकट्या बंधूंनी तिची थट्टा केली. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, हे एक शीत माझ्या थोरल्या भावाला मिळालं नाही." पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले की, आजीचे वय पाहता ती गोष्ट 1900 सालची असली पाहिजे, आणि ती घडली ती याच नागपूर प्रांतात.

त्या काळचे लेख आम्ही सेवानिवृत्तीनंतर वाचले. 1896 साली पावसाळ्याचा आरंभ बरा होऊन पुढे ऐन धान पोसण्याच्या दिवसांत पावसाने पाठ फिरविली. 1897 मध्ये मध्यप्रांतात दर हजारी मृत्यूंचे प्रमाण 69 वर गेले. त्यातून माणसे उठून उभी राहतात न राहतात तोच 1899 चा पावसाळा मुळीच आला नाही. आणि 1900 च्या उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडी वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी कामांवर व अन्नछत्रांवर जगत होती. 1901 ची खानेसुमारी झाली तेव्हा प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेली आढळली. ज्या प्रांतात पुण्याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो, तेथली ही कथा! पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या नक्षत्रात पडावयाचा राहतो, यावर धानाचे भवितव्य असते. हस्ताचा, म्हणजे आमच्याकडच्या कुणब्याच्या भाषेत हत्तीचा पाऊस गेला की, आधीचे चाळीस इंच वाहून गेलेल्या पाण्यासारखेच.

असो. हे सर्व आठवण्यास कारण झाले ते येणेप्रमाणे. भंडारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर धानाची जमीन आहे. एके काळी ती पुष्कळ अधिक होती. विदर्भास 1958 चा कूळ कायदा लागू झाला तेव्हा जे कसणाऱ्याकडे जावयाचे ते गेले. ते योग्यच झाले असे वडील अखेरपर्यंत म्हणत, मात्र म्हणताना भिंतीकडे पाहत. उरलेली साडेचार एकर आम्ही दोघे भाऊ ठेक्याने देतो. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी जमीन असेल. वर्षाचे एक पोते तांदूळ, सातबाराचा एक कागद, आणि सणावारी निघणारी एक गोष्ट, एवढेच तिचे अस्तित्व. 2024 च्या उन्हाळ्यात तीस नागपूरचे एक गिऱ्हाईक आले. त्यास तेथे कुंपण घालून, मुरूम टाकून, सुटीत राहावयाचे घर बांधावयाचे होते. देऊ केलेली रक्कम आमच्या साऱ्या नोकरीच्या शिलकीहून मोठी होती. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी घरासाठी कर्ज काढलेले. बंधूंचा जीव त्या कर्जात अडकलेला. तेव्हा एकदा जागा पाहून यावी, ठेकेदारास सांगून यावे आणि इसाराचा कागद करून टाकावा, असे ठरले. पुतण्या मोटार चालविणार, आणि आम्ही वाट दाखविणार.

आषाढाची प्रतिपदा होती. आम्ही म्हटले, आजच्या दिवशी रामटेकास वळसा घातल्याशिवाय पुढे जाणे नाही. पुतण्याने हसून मान्य केले.

निघण्यापूर्वी सकाळी महाराजबागेत फेरी मारण्याचा आमचा नेम. भोसल्यांची ही बाग. मुले तेथे वाघ पाहावयास जातात. परंतु वाघाच्या शेजारी जी संस्था उभी आहे तीकडे सहसा कोणी पाहत नाही. हे कृषि महाविद्यालय 1906 सालचे. लागोपाठच्या दोन दुष्काळांनी सरकारचे डोळे उघडले, आणि नुसती अन्नछत्रे घालून भागत नाही, पीकच सुधारले पाहिजे, ही गोष्ट त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना पटली. 1901 ते 1903 या काळात स्कॉट-मॉन्क्रीफ साहेबांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधाऱ्यांची चौकशी झाली ती याच धास्तीने. आम्ही शिक्षक असताना दरवर्षी मुलांना या शेतांवर नेत असू. एका वर्षी एका मुलाने तेथील प्राध्यापकांस विचारले, "ही ज्वारी आमच्या घरच्यापेक्षा उंचीने कमी का?" प्राध्यापकांनी त्यास बांधावर बसवून पाऊण तास समजावून सांगितले की, ताटाची उंची कमी केली म्हणजे झाडाची शक्ती कणसात जाते. आम्ही संस्कृतचे शिक्षक. आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात कोणास एवढे निःशंक समजावून सांगितल्याचे आठवत नाही.

आज हे महाविद्यालय 1969 साली अकोल्यास स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे आहे. पंजाबराव हे अमरावती जिल्ह्यातील पापळचे. ते वैदिक वाङ्मयातील धर्मविचारांवर परदेशी प्रबंध लिहिणारे गृहस्थ, आणि पुढे 1952 ते 1962 या काळात केंद्रात शेतीचे मंत्री! धानाच्या जपानी लागवडीचा प्रचार त्यांनी हिरिरीने केला. वेद वाचलेल्या माणसाने चिखलात ओळीने रोप लावण्याविषयी बोलावे, यात विसंगती पाहणारे लोक आमच्या ज्ञातीत त्या काळी थोडे नव्हते. अन्न पुष्कळ करावे हे व्रतच आहे, असे उपनिषदाने सांगितलेले त्यांनी बहुधा वाचले नसावे.

रामटेकची टेकडी चढताना पुतण्यास दम लागला. आम्हाला लागला नाही, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. मेघदूतातील रामगिरी तो हाच, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुष्कळ प्रमाणे देऊन मांडले, आणि आम्हा नागपूरकरांना दुसरे मत ऐकावयाचेच नसते. ते काही असो. आम्ही वर्षानुवर्षे मुलांना तो विरही यक्ष शिकविला; त्याची पत्नी, अलका नगरी, तिची वाट, हेच परीक्षेस विचारले जाई. पण यक्ष मेघास मार्ग सांगू लागतो तेव्हा प्रथम काय म्हणतो? शेतीचे फळ तुझ्या हाती आहे हे जाणून खेड्यातल्या साध्या बायका तुझ्याकडे प्रेमाने पाहतील, आणि नुकत्याच नांगरलेल्या मातीचा वास येणाऱ्या माळावरून तू पुढे जा. ज्याला आपल्या बायकोचा निरोप धाडण्याची एवढी घाई, त्यासही आधी नांगरटीवर पाऊस पडू द्यावासा वाटला. हा श्लोक आम्ही मुलांस समास सोडविण्यापुरता दिला. आज वरून पाहताना त्याची लाज वाटली.

वरून काय दिसते? एका अंगास डोंगरांच्या कुशीत खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय. सूर नदी अडवून हा बांध इंग्रजी अमदानीत, दुष्काळांच्या त्या तडाख्यानंतर, 1913 च्या सुमारास पुरा झाला. पलीकडे नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. वाकाटक म्हटले की, लोकांना अजिंठ्याची लेणी आठवतात. आम्हाला आठवतो तो वाशीमजवळच्या हिस्सेबोराळा येथील लेख. वाकाटक राजा देवसेन याच्या कारकीर्दीत, शके 380 मध्ये, म्हणजे इसवी सन 458 च्या सुमारास, स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधविला, असे त्यात कोरलेले आहे. राजांच्या विजयाचे लेख ढिगाने सापडतात. त्यांत हा एक तलावाचा. कौटिल्याने तर याची पद्धतच घालून दिली होती: नवा तलाव बांधील त्यास पाच वर्षे कर माफ, आणि मोडून टाकून दिलेला तलाव जो दुरुस्त करील त्यास चार वर्षे. नव्यास पाच आणि जुन्यास चार! दोन हजार वर्षांपूर्वीच्या मनुष्याने दुरुस्तीचे मोल नव्या बांधकामाच्या इतके जवळ आणून ठेवावे, आणि आज आमच्याकडे नव्या कामाच्या कोनशिलेस मंत्री यावेत व जुन्या पाळीवर बाभळी उगवाव्यात, यावर अधिक काय लिहावे?

खिंडसीच्या काठी शिदोरी सोडली. पुतण्या म्हणाला, "मोठे काका, आता कोणी उपाशी मरतं का? रेशनवर तांदूळ मिळतो. मग शेतीचा एवढा सोस कशाला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही त्यास 1972 ची हकीकत सांगितली. त्या वर्षी आम्ही तेरा वर्षांचे होतो. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा तेव्हा होरपळून निघाला. विदर्भास झळ कमी बसली, तरी रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. आजी मात्र ती मुकाट्याने खाई. तेव्हा पुसदकडच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. 1965 मध्ये, महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे जाहीर सभेत बोलून बसलेला हा गृहस्थ. संकरित ज्वारी त्यांनी गावोगाव पोचविली, राज्यात चार कृषि विद्यापीठे उभी राहिली ती त्यांच्याच काळात. आणि एवढे करूनही पावसाने दगा दिलाच. तरी 1900 ची पुनरावृत्ती झाली नाही. का झाली नाही? कारण विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना त्या वर्षी राज्यभर उपयोगी पडली. मागेल त्यास काम, आणि कामावर मजुरी. लक्षावधी बायकापुरुष रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव यांवर राबले. मुलांस सुकडी मिळाली. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, 1979 च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला, आणि 2005 साली साऱ्या देशाने तीच कल्पना उचलली.

त्याच सुमारास आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेस दुष्काळ पडला होता, आणि 1973 मध्ये इथिओपियाच्या वोल्लो प्रांतात माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे दाखवून दिले की, महाराष्ट्रात त्या वेळी धान्य काही फार अधिक नव्हते. अधिक होते ते काम, मजुरी, आणि विधिमंडळात व वर्तमानपत्रांत ओरडणारी माणसे. सोमालियात 2011 साली हे काहीच नव्हते. राज्ययंत्र मोडलेले, रस्त्यावर बंदुका, सलग दोन हंगाम पाऊस नाही. अडीच लाखांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतील निम्मी पाच वर्षांखालची मुले, असे मागाहून झालेल्या मोजणीत निघाले. अशा देशास दुष्काळ सुरू झाल्यावर जहाजाने धान्य धाडणे भागच पडते. पण बियाणे, बांध आणि जनावरांचे पाणी यांवर आधी खर्च केला असता तर जहाज लहान लागले असते.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे काम आणि धान्य मिळालं की झालं. जमीन कुणाच्या का नावावर असेना." मुलगा हुशार आहे. आम्हाला तत्काळ उत्तर सुचले नाही. ते गावी पोचल्यावर मिळाले, आणि तेही दुसऱ्याकडून.

गावाचे नाव देत नाही. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलावांपैकी एकाच्या काठचे ते गाव, एवढे पुरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वभाग ही या तलावांची भूमी. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. त्यांचे पूर्वज काशीकडून आले अशी परंपरा सांगतात. चांद्याचे गोंड राजे तलाव बांधील त्यास जमीन देत. यंत्र नाही, नकाशा नाही. उताराची अशी पारख की, मातीची पाळ शतकानुशतके टिकावी. वरचा तलाव भरला की सांडव्यावाटे पाणी खालच्यात, तेथून त्याच्या खालच्या बोडीत. पुढे इंग्रजांनी मालगुजारांस गावाची मालकी दिली, तेव्हा डागडुजीचा भारही त्यांच्या डोक्यावर आला, आणि तो ते रयतेकडून राबवून का होईना पण वाहत. स्वातंत्र्यानंतर, 1951 पासून मालगुजारी गेली. गेली हे उत्तम झाले. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, आणि सर्वांचा म्हणून तो कोणाचाच नाही अशी त्यांची गत झाली. 'माजी मालगुजारी' या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी 'मामा तलाव' केले आहे. मामाच्या घरी भाच्याने खावे, दुरुस्ती मात्र मामाने पाहावी, असा काहीसा अर्थ आम्ही त्यातून काढतो.

आमच्या तलावाची पाळ एका जागी खचलेली. पोटात गाळ, आणि गाळात बेशरमाची दाट झुडपे. आषाढाचा आरंभ असल्याने मध्यभागी गुडघाभर पाणी, आणि त्यात बगळे. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची जुनी दगडी मोरी, अर्धी मातीत गेलेली. तिच्यापासून निघणारे पाणी पहिल्याप्रथम येते ते आमच्या साडेचार एकरांत. येथे पाट असा खोदलेला नाही. पाणी आमच्या वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तेथून धुऱ्यातल्या फटीने शेजाऱ्याच्या, तेथून पलीकडच्या, असे हातोहात उतरत शेवटी ढिवरांच्या आणि गोंडांच्या एकेक-दीडदीड एकराच्या तुकड्यांपर्यंत पोचते. हे सर्व आम्हाला साठ वर्षांच्या आयुष्यात ठाऊक नव्हते. तांदळाचे पोते कोठून येते हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

आमचा ठेकेदार पऱ्ह्याची वाफ पाहत उभा होता. विक्रीची गोष्ट त्याच्या कानी आधीच गेली होती. आम्ही अवघडून म्हणालो की, तुझे जे काही देणे निघेल ते देऊ. तो म्हणाला, "माझं काय, गुरुजी. मी दुसऱ्याची करीन. पन तुमची बांधी म्हंजे या पान्याचा गळा हाय. तिथं मुरूम पडला का खालचे अठरा घरं सुकले." मग पुतण्याकडे वळून त्याने पायाने जमिनीवर रेघ ओढली आणि साऱ्या शिवाराचा उतार दाखविला. हत्तीचा पाऊस गेला की, तलावातून दोन वेळा पाणी सुटते. तेवढ्यावर भारी धान पोसते. ते दोन पाणी न मिळाले तर खालच्या अठरा घरांनी काय करावयाचे? "मंग नागपूर, नाहीतर हैद्राबाद. विटाभट्टी." धान कापण्यापूर्वी ओलीत टाकलेली लाखोळीही त्याच ओलाव्यावर येते, म्हणजे भातही गेला आणि वरणही गेले.

पुतण्या काही बोलला नाही. रेशनचा तांदूळ त्या अठरा घरांना 2013 च्या कायद्याने मिळत राहीलच. उपाशी कोणी मरणार नाही. पण माणूस जेथे पिकवितो तेथून उठून विटा वाहावयास गेला, की पुढच्या वाईट वर्षी त्यास धरून ठेवणारे काही उरत नाही.

येथे आमच्या घराण्याचा दोष सांगितला पाहिजे. रात्री ठेकेदाराच्या ओसरीवर बसलो असता एका वृद्ध गृहस्थाने आमच्या वडिलांची आठवण काढली. तलावाची पाळ खचली त्या वर्षी गावाने घरटी वर्गणी जमविली, आणि पाण्याचा पहिला घोट ज्याचा त्याने काही अधिक द्यावे म्हणून वडिलांस पत्र लिहिले. वडिलांनी उत्तर पाठविले नाही. ते पत्र आम्ही पाहिलेले होते. आम्ही तेव्हा शिकावयास होतो, आणि ते पत्र वडिलांनी पंचांगात खूण म्हणून घातले होते. वृद्ध गृहस्थाने हे रागाने सांगितले नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

नागपुरास परत आल्यावर आम्ही वडिलांची पेटी उघडली. तीत गावच्या वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे बंदोबस्तात नोंदलेल्या गावरिवाजांची, एक जुनी नक्कल निघाली. अर्धी अक्षरे वाळवीने खाल्लेली. पाणी बांधीतून बांधीत नेण्याचा हक्क सर्वांस असून वरच्याने ते अडवू नये, असा मजकूर वाचता आला. ती नक्कल घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. तेथील तरुण कारकुनांनी सौजन्याने सांगितले की, चालू नकाशात पाट नाही, तेव्हा विकत घेणाऱ्याने कुंपण घातल्यास त्यांना काही करता येण्यासारखे नाही. दिवाणी दावा लावावा. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेस आम्ही गेलो नाही.

बंधूंशी बोलणे झाले ते सुखाचे झाले नाही. ते म्हणाले, "दादा, तू पेन्शनवर आहेस; तुला पुण्य परवडतं." त्यात खोटे काही नव्हते. अठरा घरांच्या पाण्यासाठी त्यांच्या मुलाने कर्जात का बुडावे, या प्रश्नास कौटिल्याजवळही उत्तर नाही. शेवटी त्यांचा हिस्सा आम्हीच घ्यावा असे ठरले. गिऱ्हाइकाने देऊ केलेला भाव आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून भाव कमी आणि तोही तीन हप्त्यांत. घराच्या माडीसाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. आमच्या कुटुंबाने ऐकून घेतले आणि विचारले, "मग पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांचं काय?" ती अद्याप गळतात.

2025 च्या उन्हाळ्यात गावाने गाळ काढावयास घेतला. धरणातील गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना 2017 साली निघाली. यंत्राचा खर्च तिच्यातून, असा हिशेब. काही काम रोजगार हमीतून निघाले. घमेली बहुतेक बायकांच्या डोक्यावर होती. तलावाचा गाळ म्हणजे काळे सोने असे म्हणतात, आणि ज्याच्याजवळ ट्रॅक्टर त्याच्याच शेतात ते सोने अधिक पडते, हेही आम्ही पाहिले. ठेकेदाराने गावसभेत हुज्जत घालून खालच्या अठरा घरांसाठी दोन ट्रॅक्टर तीन दिवस मागून घेतले. त्याचे डिझेल आम्ही दिले. वडिलांच्या पत्राचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही, हे आम्हाला समजते.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात आम्ही मुद्रांकाच्या कागदावर पाण्याचा हक्क लिहून देण्यास गावी गेलो. आमच्या बांधींच्या कडेने एक पाट कायमचा मोकळा सोडावयाचा, आणि जमीन पुढे कोणाच्याही हाती गेली तरी तो बुजवावयाचा नाही, असा मजकूर वकिलांनी घातला. पुतण्या पुण्याहून मुद्दाम आला होता. मोजावयाच्या फितीचे एक टोक त्याने धरले, एक ठेकेदाराने. रुंदी किती लिहावी असे विचारता ठेकेदार म्हणाला, "दोन हात पुरे, गुरुजी." आम्ही तीन लिहिली. साक्षीदार म्हणून धाकट्या बंधूंनी सही केली; चहा मात्र घेतला नाही, आणि मोटारीत जाऊन बसले.

परतताना पुतण्याने वाटेत दोनदा मोटार थांबवून रस्त्याच्या कडेचे तलाव पाहिले. दुसऱ्याच्या पाळीवर एक बाई बेशरमाची मुळे उपटीत होती. त्याने तिला विचारले, "हा तलाव कुणाचा?" ती म्हणाली, "आमचा."